परसातल्या आठ कोंबड्या: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

कोंबड्या पाळायला फारसा खर्च येत नाही, असं ज्यांनी कधी पाळल्या नाहीत तेच जास्त सांगतात. खर्च येतो. पण तो दोनच ठिकाणी करायचा असतो: जाळीवर आणि लसीवर. बाकी खुराडं, गव्हाणी, पाण्याची भांडी, अंड्यांची खोकी हे सगळं भंगारवाल्याकडून किंवा घराच्या माळ्यावरून निघतं. नवखा माणूस बहुतेक वेळा उलटं करतो. दुकानातली रंगीत भांडी आणतो, तयार खुराडं मागवतो आणि जाळी मात्र सगळ्यात स्वस्त घेतो. पहिल्याच महिन्यात मुंगूस येऊन हिशेब चुकता करतं.

हा लेख कोकणातल्या, म्हणजे भरपूर पावसाच्या आणि दमट हवेच्या परसासाठी आहे. देशावर किंवा विदर्भात उन्हाची काळजी जास्त घ्यावी लागेल, तेवढं त्या त्या जागी सांगितलं आहे.

किती, कुठल्या आणि कधी

सहा ते आठ माद्या पुरे. नर नसला तरी कोंबडी अंडी देते. पिल्लं काढायची असतील तरच कोंबडा हवा. शेजार भिंतीला भिंत लागून असेल तर कोंबडा घेऊच नका, पहाटे चारच्या बांगेवरून झालेली भांडणं पंचायतीपर्यंत जातात. पालिका हद्दीत किंवा सोसायटीत राहत असाल तर आधी नियम विचारून घ्या.

जातीचं म्हणाल तर गावरान कोंबडी चिवट. उडून झाडावर बसते, पिल्लं स्वतः उबवते, पण वर्षाला साधारण साठ-ऐंशीच अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली ग्रामप्रिया अंड्यांसाठी चांगली. तिथलीच वनराजा आणि बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरीराज अंगाने भरतात, मांसालाही चालतात. मात्र या सुधारित जाती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, फारशा बसत नाहीत आणि मुंगसापुढे गावरानाइतक्या चपळ नसतात. माझं मत विचाराल तर सहा ग्रामप्रिया आणि दोन गावरान. अंडी ग्रामप्रिया देतील, उबवायचं काम गावरान करतील.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात म्हणून ती घ्यायचा मोह होतो. पहिल्यांदाच पाळत असाल तर आवरा. आठ-दहा आठवड्यांची, लसीकरण झालेली पिल्लं थोडी महाग मिळतात, पण ऊब देण्याची यातायात वाचते आणि मरतूकही कमी होते. आणायची ती दिवाळीच्या आसपास. पुढचे सहा-सात महिने कोरडे मिळतात, पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की त्या अंड्यावर येतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत अंगाने तयार झालेल्या असतात. जूनमध्ये पिल्लं आणणं म्हणजे आजारपण विकत आणणं.

खुराडं: आधी जमीन, मग जाळी, शेवटी छप्पर

कोंबडीला रात्री दोन चौरस फूट जागा पुरते. पण कोकणात जुलैमध्ये आठ-आठ दिवस पक्षी बाहेर पडत नाहीत, म्हणून तीन धरा. आठ पक्ष्यांना सहा फूट बाय चार फूट. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन थेट आत घुसत नाही.

जागा अंगणातली उंचवट्याची हवी. चौथऱ्याला जुने, फुटके जांभ्याचे चिरे चालतात. दीड फूट उंच चौथरा आणि वर कोबा केला तर घूस खालून येत नाही. चौथरा करायचा नसेल तर जुनी लोखंडी कॉट शोधा. कॉटची चौकट हा खुराड्याचा आयता सांगाडा असतो: पाय आहेत, पट्ट्या आहेत, वर फक्त जाळी आणि फळ्या टाकायच्या. चारही पायांखाली पाणी भरलेले डबे ठेवले की मुंग्याही चढत नाहीत, फक्त डब्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता. नाहीतर डास होतात आणि कोंबड्यांना होणारा देवीचा रोग डासच पसरवतात.

आता जाळी. षटकोनी भोकांची, हाताने वाकणारी जी ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळते ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दाताने फाडतं, छोटं मुंगूस कडेच्या फटीतून शिरतं, साप भोकातून सरळ जातो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. पैसे कमी असतील तर निदान खालच्या तीन फुटांना ती लावा आणि वर स्वस्तातली. जाळी जमिनीपाशी संपवू नका. बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर चिरे किंवा माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतं, तिथे जाळी लागली की ते फूटभर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करण्याइतकं डोकं चालवत नाही.

कोण कधी येतं हे माहीत असलं की निम्मं काम होतं. मुंगूस दिवसा येतं, बहुधा दुपारी, घर झोपलेलं असताना. कांडेचोर आणि रानमांजर रात्री. घार आणि कावळा पिल्लांवर टपून असतात. घारीवर सगळ्यात स्वस्त उपाय किनारपट्टीवर आयता मिळतो: मच्छीमारांची टाकून दिलेली नायलॉनची जाळी. कोंबड्या फिरतात त्या जागेवर कळकाच्या खांबांवरून ती ताणून बांधा. ती सैल सोडली तर पक्षी आणि साप अडकून मरतात. यातलं कुठलंही जनावर मारू नका, बहुतेकांना कायद्याचं संरक्षण आहे. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. साप येतो तो अंड्यांसाठी आणि सांडलेल्या दाण्यावर येणाऱ्या उंदरांसाठी. रोज संध्याकाळी अंडी उचलली आणि उरलेलं खाद्य झाकून ठेवलं तर त्याला यायचं कारणच राहत नाही.

दाराला दोरी किंवा आकडा नको, सरकती कडी हवी. रात्री दार लावलं का, हे पाहण्याचं काम घरात एकाच माणसाकडे द्या. दोघांकडे दिलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने लावलं असेल.

छपराला पत्रा, जुनी कौलं, काहीही चालतं. पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून छप्पर सगळीकडून दोन-तीन फूट पुढे काढा. भिंतींना बंद करू नका. कोंबडीला थंडीपेक्षा कोंडलेली हवा जास्त मारते. पावसाळ्यात पश्चिम आणि दक्षिण बाजूंना पडदा लागतो, त्याला जुने फ्लेक्स उत्तम. पुढाऱ्याचा चेहरा आत ठेवायचा की बाहेर हे ज्याचं त्याने ठरवावं. पडदा खालून बांधा आणि वरची वीतभर जागा उघडी ठेवा, म्हणजे सर खाली अडते आणि दमट हवा वरून निघून जाते. बहुतेक लोक वरून पडदा सोडतात आणि नेमका वास आत कोंडतात.

बसायला दांडे हवेत. दोन इंच जाडीचा कळक किंवा पोफळीची फाक, कडा घासून गोल केलेली. प्रत्येक पक्ष्याला आठ-नऊ इंच. दांडा अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवा, कारण कोंबडी रात्री मिळेल त्या सर्वांत उंच जागी बसते. खोकं उंच असलं तर त्यातच झोपेल आणि त्यातच हगेल.

खालची गादी

सगळ्या खुराड्याचं आरोग्य या एका गोष्टीवर असतं, म्हणून इथे जरा थांबू. खाली तीन-चार इंच कोरडा थर घालायचा. भाताचं तूस भातगिरणीवर मिळतं, लाकडाचा भुसा वखारीत. सागाचा किंवा आंब्याचा चालतो, फार बारीक मात्र नको, डोळ्यांत जातो. विष्ठा त्यात मिसळते, वाळते, कोंबड्या स्वतःच ती उकरत राहतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालीवर करायची. संध्याकाळी दोन मुठी दाणे गादीवर विखरून टाका, ते वेचायच्या नादात कोंबड्याच तुमचं निम्मं काम करतात.

गादी ठीक आहे का हे पाहायला मूठ भरून दाबा. मूठ उघडल्यावर ती हळूहळू सुटली तर उत्तम. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, लगेच उडाली तर फार कोरडी. दुसरी परीक्षा नाकाची, पण उभ्याने नाही. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर ती रात्रभर तेच श्वासात घेते आहे. अशा वेळी ओला भाग खरवडून टाका आणि वर कोरडं तूस घाला. यासाठी पावसाळ्याआधीच दोन-तीन पोती तूस माळ्यावर टाकून ठेवा. जुलैत ते मागायला गेलात तर ओलं मिळेल.

गादी ओली होते ती बहुतेक पावसाने नाही, पाण्याच्या भांड्याने.

पाणी आणि खाद्य

पाण्याचं भांडं फुकटात होतं. दोन लिटरची बाटली, बुडापासून इंचभर वर एक भोक, आणि खाली कड असलेली पसरट ताटली. भोक ताटलीच्या कडेपेक्षा खाली हवं, एवढंच गणित. भोकावर बोट धरून बाटली भरा, झाकण घट्ट लावा, ताटलीत ठेवा. पाणी भोकाच्या वरपर्यंत आलं की थांबतं, कोंबडी प्याली की पुन्हा उतरतं. झाकण सैल असेल तर सगळं पाणी वाहून जाईल. ही बाटली विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा म्हणजे तूस आत उडत नाही. जमलं तर खाली जाळी मारलेली चौकट ठेवा, सांडलेलं पाणी गादीत न जाता खाली गळतं. एका कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये त्याच्या बरंच वर.

गव्हाण म्हणून तीन इंची पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करा. वर मधोमध एक तार आणि तारेत सैल फिरणारी पाइपची नळी ओवा. कोंबडी तिच्यावर बसायला गेली की नळी फिरते आणि ती खाली येते, खाद्यात घाण होत नाही. गव्हाण एक तृतीयांशच भरा. काठोकाठ भरली की चोचीने उडवून जेवढं खातात तेवढंच सांडतात.

मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते. परसात मोकळी फिरत असेल तर निम्मं ती स्वतः मिळवते: गवत, किडे, गांडुळं. उरलेलं आपण द्यायचं. घरचं मिश्रण करायच्या सल्ल्यांचा सुळसुळाट आहे, पण आठ कोंबड्यांसाठी मका, पेंड, कोंडा आणि खनिज मिश्रण वेगवेगळं आणून मोजत बसण्यात काही हशील नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य संध्याकाळी प्रत्येकी पन्नास-साठ ग्रॅम द्या, सकाळी तांदळाची कणी आणि स्वयंपाकघरातला पाला. अंड्यावरचं खाद्य लहान पिल्लांना मात्र देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

कॅल्शियमसाठी दुकानात जायची गरजच नाही. तिसऱ्या, मुळे, कालवं खाल्ली की शिंपा धुऊन वाळवा, चुलीत किंवा तव्यावर भाजा, म्हणजे ठिसूळ होतात, मग कुटून करवंटीत वेगळ्या ठेवा. जिला हवं ती खाते. अंड्यांची टरफलंही अशीच भाजून बारीक चुरून द्या. अख्खी टरफलं टाकली तर कोंबड्यांना आपलीच अंडी फोडून खायची सवय लागते.

प्रथिनांसाठी वाळवीची युक्ती जुनी आणि खरंच कामाची. फुटका माठ घ्या, त्यात गोणपाटाचा तुकडा, सुकं गवत, थोडा शेणकाला घालून ओलं करा आणि वारुळाजवळ पालथा घाला. सकाळपर्यंत आत वाळवी भरते. माठ उचलून पिल्लांसमोर झटका. घराच्या वाश्यांपासून हे दूरच करा. मासळीची डोकी उकडून द्या, सुकं मासळीचं खाणं द्यायचं तर मीठ धुऊन. जास्त मीठ कोंबडीला विष आहे, लोणच्याचा खार आणि फरसाणही त्यात आलं.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती, त्याबद्दल सगळे सांगतात म्हणून लिहितो. वाळवल्यावर त्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात हे खरं. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओंजळभर अझोला म्हणजे चिमूटभर प्रथिनं. टाकी असेल, हौस असेल तर करा. नाहीतर शेवग्याचा पाला दारात आहे, तो तोडून उंच टांगा.

बुरशी धरलेला मका किंवा पेंड कितीही वाईट वाटलं तरी फेकून द्या. त्यातलं विष यकृतात साठतं आणि ते धुतल्याने किंवा वाळवल्याने जात नाही.

पिल्लं आणलीच तर

पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. जाड पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणि साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब पुरतो. एलईडी बल्बने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. हा घोटाळा अलीकडे फार होतो. बल्ब पुठ्ठ्याला किंवा तुसाला टेकणार नाही असा पक्का बांधा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कोपऱ्यांत पळून चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय, सगळीकडे विखरून खात असतील तर बरोबर. पहिले दोन-तीन दिवस तुसावर वर्तमानपत्र पसरा, नाहीतर तूसच खातात. आल्या आल्या खाद्य देऊ नका, आधी गुळाचं पाणी, आणि प्रत्येकाची चोच एकदा त्यात बुडवा.

लस

इथे काटकसर नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी करते आणि झाल्यावर तिला औषध नाही. हिरवट हगवण, मान मुरगळणं, पाय लुळे पडणं ही तिची लक्षणं. हळद, लसूण, तुळस देत असाल तर द्या, त्याने अपाय नाही, पण ती लस नव्हे.

साधारण क्रम असा: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीचीच लस) डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी. शेवटच्या दोन्ही पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्या. तुमच्या भागात क्रम थोडा बदलू शकतो, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

अडचण ही की लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवा. बर्फ घातलेल्या थर्मासमधून बाटली आणा, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर घरोघर फिरा. पाण्यातून द्यायची असेल तर क्लोरीनचं किंवा पोटॅशियम परमँगनेटचं पाणी त्या दिवशी बंद. विहिरीच्या पाण्यात लिटरला पाच ग्रॅम दुधाची पावडर मिसळून मग लस घाला.

गादी ओली राहिली तर तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी औषध आणा आणि गादी बदला. एकाएकी बरेच पक्षी मेले, तर मात्र कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. 2006 साली नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हा विषय साधा राहिलेला नाही. दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवा.

अंडी आणि खुडूक

चार कोंबड्यांमागे एक खोकं पुरतं, फूटभर लांब-रुंद-उंच, अर्धवट अंधारं. तेलाचा चौकोनी डबा आडवा करून कडा ठोकल्या की झालं. त्यात पेंढा आणि एक खोटं अंडं: चिनीमातीचं, किंवा पांढरा गोल दगड. तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर येणारी कोंबडी, पहिलं अंडं कुठे घालायचं ते हे पाहून ठरवते. नाहीतर आठवडाभर अंडी रातांब्याच्या बुंध्यात सापडतील.

डिसेंबरात दिवस लहान होतो, अंडी कमी होतात. कोंबडीला चौदा तासांचा उजेड लागतो. साधा एलईडी दिवा पहाटे लावा, संध्याकाळी नको. रात्री एकदम दिवा गेला तर पक्षी दांड्यावर चढायच्या आत अंधारात अडकतात.

खुडूक बसवायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली दहा-बारा अंडी डालग्यात पेंढ्यावर ठेवा आणि कोंबडी रात्री बसवा, दिवसा बसवली तर उठून जाते. सातव्या रात्री अंडं मुठीत धरून मोबाइलच्या बॅटरीसमोर पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ पिवळं दिसलं तर काढा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. कवच फोडायला मदत करायचा मोह टाळा.

पिल्लं नको असतील तर खुडूक मोडावी लागते. काही गावांत तिच्या नाकात पीस खुपसतात किंवा बादलीत बुडवतात. क्रूर आहे आणि गरजेचंही नाही. तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पोटाखाली वारा लागला की तिचं बसणं आपोआप सुटतं. खायला-प्यायला नेहमीसारखंच द्या.

राख, ऊन आणि खत

उवा आणि कोळी, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, यांवर राखेचं टोपलं. चाळलेली चुलीची राख, कोरडी माती आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरट घमेल्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी. कोंबडी त्यात लोळते आणि आपलं आपण पाहते. राख भिजली तर मात्र टाकून द्या, तिचं पाणी कातडी जाळतं. लाल कोळी दिवसा दांड्यांच्या फटीत लपतात. महिन्यातून एकदा रात्री दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. लाल डाग पडले तर दांडे बाहेर काढून उन्हात तापवा आणि टोकांना करंजाचं तेल लावा.

उन्हाळ्यात पत्र्यावर चुन्याचा हात द्या, वर नारळाचे झाप टाका. पारा चाळीसकडे जातो अशा भागात जाळीला ओलं गोणपाट बांधा, खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी फक्त गार पाणी. चोच उघडी टाकून पंख पसरलेली कोंबडी दिसली तर तिला लगेच सावलीत घेऊन पाय पाण्यात बुडवा.

जुनी गादी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, संपूर्ण काढा. ताजी विष्ठा झाडाला घातली तर मुळं जळतात, म्हणून पालापाचोळ्यात मिसळून तीन महिने झाकून कुजवा. मग माडाच्या आळ्यात घाला, बुंध्यापासून हात-दोन हात लांब.